साताची गोळी

२८ जानेवारी

बावळट! बावळट! बावळट!

दुसऱ्या कुणाला नाही, मलाच म्हणते आहे. चार वर्षं आठ महिने जेलात काढले, आणि सुटताना गोळ्याच आत ठेवून आले. दोन डब्या, सील न फोडलेल्या, साठ दिवसांच्या. दवाखान्याचं हिरवं पुस्तकही त्याच पिशवीत. एचआयव्हीची गोळी एक दिवस चुकवायची नसते, माझ्या आज तीन होतील.

झालं असं. सव्वीस जानेवारीच्या माफीच्या यादीत नाव निघालं. झेंडावंदन झालं आणि जेलरबाई म्हणाल्या, संयोगिता, आवर, तुझी सुट्टी! अर्ध्या तासात काय आवरणार? आमच्या बराकीत एक रीत आहे. सुटणाऱ्या बाईने आतलं काही बाहेर न्यायचं नाही. ताट, वाटी, चादर, साबणाचा तुकडासुद्धा मागे ठेवायचा. नेलेली वस्तू बाईला परत आणून सोडते म्हणतात. मी इतक्या जणी सुटताना पाहिल्या, एकीनेही चमचा नेला नाही. मीही सगळं वाटून टाकलं. शेवटी हातात औषधाची पिशवी राहिली. तेव्हा शेजारच्या अंथरुणावरची मोना म्हणाली, "आक्का, तीबी ठेव."

"अगं, गोळ्या हायत!"

"आतल्याच हायत न्हवं? भाईर नव्या मिळतील. ह्या न्हेल्यास तर परत येशील बघ."

आणि पिशवी काढून घेतली. मोना सव्वीस वर्षांची पोरगी, चोरीच्या केसमध्ये कच्ची कैदी. ढसाढसा रडत होती. मला तिचं रडणं बघवेना, दिली सोडून. एसटी कोल्हापूरच्या स्टँडवर लागली तेव्हा डोकं ताळ्यावर आलं. ताट-वाटीचं ठीक आहे, पण गोळ्यांची रीत कुठून आली?

वही स्टँडवरच घेतली. आत मी रायटर होते — म्हणजे ऑफिसात बसून अर्ज, हजेऱ्या, बायकांची पत्रं लिहायचं काम. लिहिल्याशिवाय माझं डोकं थंड होत नाही.

२९ जानेवारी

सरकारी दवाखान्यात गेले. आमची खिडकी लांबूनच ओळखू येते, तिथे उभं राहिलेलं माणूस सारखं मागे वळून बघत असतं. मी नाही बघितलं. बघायचं त्यांनी बघावं.

खिडकीतला माणूस म्हणाला, "पुस्तक?"

म्हटलं, आत राहिलं.

"कुठं आत?"

"जेलात!"

मोठ्याने म्हटलं. मागे एक म्हातारा खोकत होता, तो खोकायचा थांबला.

"मग तिथनं बदलीचं पत्र आणा. त्याबिगर कॉम्प्युटरात नाव निघत न्हाई. मॅडम रजेवर हायत. सोमवारी या."

हे लोक वाईट नसतात. त्यांच्या रकान्यात बसेल तेवढंच माणूस त्यांना दिसतं, बस.

३० जानेवारी

काम शोधायला निघाले. इथल्या एका संस्थेच्या खोलीत सुटलेल्या बाईला पंधरा दिवस राहता येतं, त्यातले चार गेले.

मंगल कार्यालयात भांडी घासायला बाई पाहिजे होती. मालकाने विचारलं, "आदी कुठं होतासा?" खरं सांगितलं. म्हणाला, बरं, फोन करतो. माझ्याकडे फोनच नाही, नंबर न विचारताच फोन करणार होता!

मुलींच्या वसतिगृहातल्या बाई म्हणाल्या, पोलिसांकडून चारित्र्याचा दाखला आणा. म्हटलं, पोलिसांकडे माझे एवढे कागद आहेत, त्यातला कुठला चालेल? शिपाई हसला. बाई हसल्या नाहीत.

३१ जानेवारी

संध्याकाळी सातला हात आपोआप तांब्याकडे गेला. सहा दिवस झाले गोळी नाही.

आत मोना आठवण करायची. "आक्का, सात वाजलं." एक दिवस चुकली नाही. मी गिळेपर्यंत तोंडाकडे बघत बसायची. कडू लागती? पैल्यांदा चक्कर येती? किती दिसांनी बरं वाटाया लागलं? एकदा म्हटलं, तुला गं कशाला एवढ्या चौकशा? तर म्हणे, उगंच. पोरगी हाडं मोजून घ्यावीत अशी. जरा वारं लागलं की ताप. रक्त तपासायची माणसं आली त्या दिवशी पोट दुखतंय म्हणून डोक्यावरून घेऊन झोपली होती.

बराकीत पहिलं वर्षभर माझं ताट वेगळं होतं. सगळ्यांच्या ताटांपासून हातभर लांब. मोना आली आणि पहिल्याच दिवशी माझ्या ताटात जेवायला बसली. हे मी विसरणार नाही.

१ फेब्रुवारी

काम नाही. गोळी नाही. रडणार नाही.

३ फेब्रुवारी

आज मजा केली!

खिडकीवर तोच माणूस, तेच — पत्र आणलं का? मी विचारलं, मॅडम कुठे? मीटिंगला. मी म्हटलं बरं, आणि समोरच्या बाकावर बसून याच वहीची पानं फाडली. साडेचार वर्षं दुसऱ्यांचे अर्ज लिहिले, आज स्वतःचा लिहिला. पाठ आहे, उतरवून ठेवते —

"विषय : खंडित झालेला औषधोपचार आजच मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करते की, माझी शिक्षा संपलेली असून माझा आजार संपलेला नाही. शिक्षेच्या काळात मला औषध मिळत होते. सुटकेच्या काळात मिळत नाही. तरी आज औषध नाकारल्यास, नाकारणाऱ्याचे नाव, पद व कारण मला लेखी मिळावे, ही विनंती."

दोन प्रती. खिडकीतून आत सारल्या. "एकीवर आवक नंबर टाका, शिक्का मारा, सही द्या."

त्याने दोनदा वाचला. "बाई, तुमी कुठं नोकरीला हुतासा?"

"जेलातच. रायटर."

पाच मिनिटांत मीटिंग संपली. प्रियदर्शनी मॅडम बाहेर आल्या — समुपदेशक, वय असेल तिशीचं. हातात माझा अर्ज. मी भांडायला कंबर कसून उभी, आणि त्या म्हणाल्या, "असं कुणालाच परत पाठवायचं नसतं. आमचं चुकलं." झालं! सगळं भांडण तोंडातच राहिलं. एवढं मोठं तोंड घेऊन गेले होते आणि तिथे रडायला आलं. त्याचा अजून राग आहे मला.

रक्त घेतलं. जेलला मेल केला. पंधरा दिवसांच्या गोळ्या दिल्या, संपायच्या आत पुढच्या न्यायच्या. म्हणाल्या, आठ दिवसच चुकलेत, आता चुकवू नका. मी विचारलं, आणि आतल्या पिशवीचं काय? म्हणाल्या, त्या बाईला कळवा, जेलच्या दवाखान्यात जमा करू दे.

सात वाजता घेतली. पाण्याबरोबर. कडू लागत नाही मोना, काहीच लागत नाही.

५ फेब्रुवारी

मोनाला पत्र टाकलं. तिला वाचता येत नाही, जेलरबाई वाचून दाखवतील.

६ फेब्रुवारी

काम मिळालं! काम मिळालं!

संध्याकाळी मी पेठेतल्या दूधकट्ट्यावरून येत होते. गवळ्यांनी म्हशी आणून बांधलेल्या, गिऱ्हाईक ग्लास घेऊन उभं, समोर धार काढायची आणि गरम फेसाचं दूध तिथेच प्यायचं. एक म्हैस — पंढरपुरी, शिंगं पार पाठीपर्यंत — धार काढणाऱ्या गड्याला जवळ येऊ देईना. दोन लाथा घातल्या, चरवी उडवली. मालक आडदांड, मिशीवाला, हंबीरराव नाव. शिव्या म्हशीला देत होता का गड्याला, कळत नव्हतं.

माझं माहेर राधानगरीकडचं, म्हशींतच वाढले. राहवलं नाही. म्हटलं, अहो, गड्याची नखं वाढल्यात, सड दुखतोय तिचा! हात धुतले, तिच्या पाठीवरून फिरवला, कासेवर कोमट पाणी मारलं, बसले. दोन मिनिटं ती थरथरली. मग सोडला की पान्हा! चरवीत धार वाजायला लागली तेव्हा माझे दंड भरून आले. पाच वर्षं हाताने फक्त पेन धरलं होतं.

हंबीररावांनी विचारलं, "कुठल्या पावण्या तुमी?"

म्हटलं, आधीच सांगते. जेलातून सुटले आहे. दिराच्या डोक्यात बत्ता घातला होता. मेला नाही तो.

ते मिशीला हात लावून उभे राहिले. मग म्हणाले, "म्हशीवर हात उचलायचा न्हाई. बाकी तुजं तू." गोठ्याला लागून खोलीही दिली.

जेलचं सांगितलं. आजाराचं नाही सांगितलं. का सांगू? धार काढायला रक्ताचा दाखला लागत नाही.

१० फेब्रुवारी

तिचं नाव चंद्री. आता माझा आवाज ऐकून मान वळवते. गडी बिचारा दुसऱ्या दोघींची धार काढतो, चंद्री माझी.

गिऱ्हाइकं ओळखीची झाली. शमशुद्दीन चाचा शिवणकाम करतात, सुईदोरा अजून शर्टाला लावलेला असतो. रोज म्हणतात, "फेस कमी घाल बाई, फेसाला पैसे देत न्हाई मी." आणि रोज फेस मिशीला लावून जातात.

अडचण एकच. सात वाजता कट्ट्यावर सगळ्यात जास्त गर्दी. मी चंद्रीच्या मागे जाते, भिंतीकडे तोंड करते आणि गोळी गिळते. चोरासारखी. आत बराकीत सगळ्यांसमोर घ्यायचे, आणि बाहेर येऊन लपते आहे!

१७ फेब्रुवारी

जेलचं उत्तर आलं, मॅडमनी दाखवलं. बदलीचं पत्र आहे. खाली एक ओळ — "बंदी मोना हिच्याकडे चौकशी केली असता पिशवी आपल्याकडे नसल्याचे सांगते."

नसल्याचे? मग गेली कुठे? कुणी हिसकावली असेल गरीब पोरीकडून. मी तिथे असते तर बघितलं असतं एकेकीला.

२० फेब्रुवारी

आज सगळं लिहिणार.

सात वाजता चंद्रीच्या मागे गेले. गोळी तोंडात टाकली आणि मागे वळते तर समोर बुलेट लावून विजयसिंह उभा. मुरगूडचा, म्हणजे माझ्या सासरचा, दिराचा दोस्त. कोर्टात साक्ष द्यायला आलेला. त्याने माझ्या हातातली डबी बघितली आणि तिथूनच ओरडला, "आरं, ही हितं कशी? हिनं दिराचं डोकं फोडलंय! आन हिला त्यो रोग हाय! हिच्या हातचं दूध पिताय व्हय रं?"

सात-आठ ग्लास होते कट्ट्यावर. सगळे हवेत थांबले.

मला मुरगूडचा तो दिवस आठवला. नवरा जाऊन तेरा दिवस झालेले. दिराने माझं ताट गोठ्यात नेऊन ठेवलं आणि गल्लीला ओरडून सांगितलं होतं, हिला रोग हाय म्हणून. तेव्हा माझ्या हाताशी बत्ता होता. आज चरवी होती. चरवी खाली ठेवली. नीट ठेवली, दूध सांडू दिलं नाही.

म्हटलं, "व्हय. डोकं फोडलं, त्याची शिक्षा भोगून आले. एचआयव्ही हाय, त्याची गोळी आत्ताच घेतली. म्हशीच्या दुधातनं हुत न्हाई, हातानं हुत न्हाई, शेजारी बसून हुत न्हाई. ज्याला शंका आसंल त्यानं दवाखान्यात जाऊन इचारावं, खिडकी कुठली ती मी दावते. आता सांगा, ग्लास कुणाचा रिकामा हाय?"

मग शमशुद्दीन चाचांनी हात पुढे केला. "माजा. आन आज फेस जास्त घाल."

घातला. धार सरळ गेली. बाकीच्यांपैकी चौघांनी भरलेले ग्लास ठेवले आणि निघून गेले. विजयसिंह हसत बुलेटवर बसला.

हंबीरराव एवढा वेळ खांबाला टेकून उभे होते. सगळे गेल्यावर म्हणाले, "चार दीस घरात ऱ्हा."

एवढंच. माझ्याकडे न बघता. विजयसिंहाचं काही वाटलं नाही, त्याच्याकडून दुसरं काय येणार? पण हे लागलं. फार लागलं.

२१ फेब्रुवारी

खोलीत बसून. पलीकडे गोठ्यात चंद्री रेकते आहे. मी ओ देत नाही. मालकाची म्हैस, मालकाने बघावं.

सातची गोळी घेतली.

२२ फेब्रुवारी

पिशवी भरून ठेवली. हाकलायच्या आत आपण जायचं. मग परत रिकामी केली. का जाऊ? मी काय चोरलंय? त्यांनी माझ्या तोंडावर सांगू दे, जा म्हणून. ऐकते आणि मग जाते.

२४ फेब्रुवारी

सकाळी हंबीरराव दारात. हातात कागद.

"चंद्री पान्हा सोडंना," म्हणाले. "तीन दीस झालं. काल आर्दा लिटरबी न्हाई. गड्याच्या मांडीवर लाथ घातली, त्यो घरी बसलाय."

मी म्हटलं, मग म्हशीसाठी आलात.

"म्हशीसाटनंच आलोय की! खोटं कशाला बोलू?" मग कागद पुढे केला. "पर त्याच्या आदी दवाखान्यात जाऊन आलो. तुजं नाव काडलं न्हाई. म्हशीच्या दुधातनं हुतंय का, एवढंच इचारलं. मॅडम न्हाई म्हणाल्या. मी म्हटलं, तोंडी नको, माज्या गिऱ्हाइकाला कागद लागतोय. त्यांनी ह्यो छापील दिला."

कशाने होतो, कशाने होत नाही, याची चित्रं होती. सोबत खिळा आणि हातोडीही आणली होती बाबाने, कट्ट्यावरच्या खांबाला ठोकायला!

"आन परवा गप ऱ्हायलो त्ये चुकलं," म्हणाले. जमिनीकडे बघूनच म्हणाले, पण म्हणाले.

मी लगेच उठले नाही. म्हटलं, माझी एक अट आहे. साताची गोळी मी म्हशीमागं लपून घेणार नाही. सगळ्यांसमोर बसून घेणार.

"बसाया खुर्ची न्हाई हितं."

"मग?"

"बादली पालथी घाल की!"

२५ फेब्रुवारी

सातला बादली पालथी घातली, बसले, गोळी घेतली. कोण बघतं, कोण नाही, मीही बघून घेतलं. गिऱ्हाईक निम्म्यावर आलंय. जे येतात ते आधी खांबावरचा कागद वाचतात, मग माझ्याकडे बघतात, मग ग्लास धरतात. धरू देत. वाचायला वेळ लागतो माणसांना.

चंद्रीने सहा लिटर दिलं. माजोरी कुठली!

४ मार्च

गेलेल्या चौघांपैकी एक आज परत आला. दोन ग्लास प्यायला. बाकी तिघे पलीकडच्या गवळ्याकडे जातात. त्यांना हात केला मी. त्यांनी केला नाही.

मॅडम म्हणाल्या, रिपोर्ट चांगला आहे, आठ दिवसांनी काही बिघडलं नाही.

९ मार्च

मोना आली! जामीन झाला. पत्रावरच्या पत्त्याने आधी संस्थेत गेली, तिथून विचारत कट्ट्यावर आली, सावलीसारखी बारीक. हातात माझी पिशवी.

म्हटलं, अगं, सापडली होय! आणि आतलं बाहेर आणलंस? रीत मोडलीस की!

"आक्का, रीत ताट-वाटीचीच हाय. गोळ्यांचं मीच सांगितलं."

पिशवी उघडली. एक डबी रिकामी, दुसरीत अठरा. साठातल्या बेचाळीस गेलेल्या. मी सुटले त्या दिवसापासून कालपर्यंत बोटांवर मोजलं. बेचाळीसच भरले. एक दिवस चुकवला नाही पोरीने.

"जेलात यायच्या आदीपास्नं म्हाईत हाय मला. तुजं ताट लांब ठेवलेलं बगितलं. मग कुणाला सांगाया हिंमतच झाली न्हाई."

एक कानाखाली वाजवली तिच्या. मग ग्लास भरून दिला. प्यायली. उद्या सोमवार, साडेनऊला तिला खिडकीवर उभी करते, अर्ज आत्ताच लिहिला.

हंबीरराव दुसरी बादली घेऊन आले, पालथी घातली. ती बसली आणि माझ्या तोंडाकडे बघायला लागली.

म्हटलं, "मोना, सात वाजलं."